हिमनद्या का आणि कशा आकसतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बरीच उदाहरणे हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पितीच्या चंद्रा खोऱ्यातली आहेत. तिथल्या छोटा शिगरी हिमनदीचा जमाखर्च, म्हणजे वर्षात किती हिम साचले आणि किती बर्फ गेला, २००२ पासून दरवर्षी प्रत्यक्ष बर्फावर जाऊन मोजला जातो. भारतात इतक्या वर्षांची सलग नोंद दुसऱ्या कुठल्या हिमनदीची नाही. ही हिमनदी सुमारे ९ किलोमीटर लांब आहे आणि तिचे क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. माथा ६,२०० मीटरच्या वर, तर मुख, म्हणजे खालचे टोक, साधारण ४,०५० मीटरवर आहे.

हिमनदी आकसते म्हणजे नेमके काय होते?

आधी ती पातळ होते. मुख मागे सरकणे, रुंदी कमी होणे, बाजूने येऊन मिळणाऱ्या लहान हिमनद्यांशी असलेला सांधा तुटणे या सगळ्या पुढच्या गोष्टी. आणखी एक बदल नजरेला दिसत नाही. बर्फ आपल्याच वजनाने उतारावरून सरकत असतो, त्यामुळे जाडी घटली की वेगही घटतो. वेग मंदावला की वरून खाली येणारा बर्फाचा पुरवठा कमी होतो आणि खालचा भाग जागच्या जागी विरघळू लागतो. अशा तुटलेल्या भागाला मृत बर्फ म्हणतात. नकाशावर तो अजून हिमनदीतच मोजलेला असतो, पण त्याचे सरकणे थांबलेले असते.

दर हिवाळ्यात हिम पडतेच, मग तूट कुठून येते?

हिमनदीचे दोन भाग धरा. वरच्या भागात वर्षभरात जेवढे हिम साचते तेवढे वितळत नाही, तिथे शिल्लक उरते. खालच्या भागात उलटे असते. दोघांच्या मधल्या उंचीवर जमा आणि खर्च सारखे होतात. तिला समतोल रेषा म्हणतात. छोटा शिगरीचा ताळेबंद शून्यावर यायचा तर ही रेषा साधारण ४,९५० मीटरवर हवी आणि हिमनदीचा सुमारे ६० टक्के भाग तिच्या वर राहायला हवा. रेषा वर चढली की जमेचा भाग लहान होतो आणि खर्चाचा मोठा.

डोंगरात दर किलोमीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. हवा एका अंशाने तापली तर आधीचे तापमान गाठायला सुमारे १५० मीटर वर जावे लागते. हिमनदीचा बराचसा पसारा नेमका त्या पट्ट्यात, सपाट माळासारखा असेल, तर एवढ्या चढण्याने तिचा मोठा तुकडा एकदम तोट्यात जातो. उभ्या चढाच्या हिमनदीला तेवढा फटका बसत नाही. शेजारशेजारच्या दोन हिमनद्यांचे आकडे वेगळे का येतात, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

फक्त एका अंशाने एवढा फरक कसा पडतो?

वितळायला लागते ती ऊर्जा, आणि तिचा मोठा वाटा उन्हातून येतो. हवेचे तापमान त्या उन्हाला वाट मोकळी करून देते.

शून्य अंशावरचा १ किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. एका चौरस मीटरवर दिवसभर सरासरी १०० वॉट जादा ऊर्जा मिळाली तर सुमारे २६ किलो बर्फ जातो, म्हणजे जवळपास २.९ सेंटिमीटर जाडीचा थर. आता पृष्ठभाग काय आहे ते पाहा. ताजे हिम अंगावर पडलेल्या उन्हातले ८० ते ९० टक्के परत फेकते. उघडा बर्फ ३०-४० टक्केच फेकतो, आणि मळलेला असेल तर त्याहून कमी. भर दुपारी १,००० वॉट ऊन असेल तर ताजे हिम त्यातले दीडशेच्या आसपास शोषते, उघडा बर्फ साडेसहाशे. जूनमध्ये पडलेल्या चार बोटे हिमाची किंमत ही अशी असते. जमेत त्याची भर नगण्य, पण ते टिकेल तितके दिवस खालचा बर्फ झाकलेला राहतो.

हवा तापली की नेमके हेच बिघडते. उन्हाळ्यात हिमाऐवजी पाऊस पडतो, हिवाळ्याचे पांघरूण दोन-तीन आठवडे आधी संपते आणि काळपट बर्फ लवकर उघडा पडतो. रात्री गोठणेही कमी होते. नेपाळ आणि पूर्व हिमालयातल्या हिमनद्यांना हे जास्त जाचते, कारण त्यांची जमा मुख्यतः पावसाळ्यातच होते. जमा आणि खर्चाचा हंगाम एकच. पश्चिमेकडे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळे, हिवाळ्यात हिम आणतात, त्यामुळे तिथे निदान जमेचा हंगाम थंड असतो.

कच्चा हिशोब करायचा तर अंश-दिवसांची पद्धत सोपी आहे. शून्याच्या वरचे सरासरी तापमान गुणिले दिवस. उघड्या बर्फाला प्रत्येक अंश-दिवसामागे ६ ते ९ मिलिमीटर पाणी धरतात, म्हणजे वितळलेल्या पाण्याचा तेवढ्या जाडीचा थर. मुखाजवळ ९० दिवस सरासरी ५ अंश असतील तर ४५० अंश-दिवस होतात, आणि ८ मिलिमीटरने ३.६ मीटर. तापमान ६ अंश झाले आणि हंगाम १०० दिवसांचा झाला तर ४.८ मीटर. एका अंशाने खर्च तिपटीच्या दराने वाढत नाही, पण तृतीयांशाने वाढतो, आणि जमा मात्र तेवढीच किंवा कमी.

सगळे घटक एकदम जुळून आले तर काय होते ते आल्प्समध्ये २०२२ साली दिसले. हिवाळ्यात हिम कमी, मार्चमध्ये सहारातली धूळ येऊन बसलेली, वर कडक उन्हाळा. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी त्या एका वर्षात ६ टक्के घनफळ गमावले आणि पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के.

ताळेबंद प्रत्यक्ष कसा मोजतात?

हिशोबाचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. खालच्या भागात वाफेच्या ड्रिलने बर्फात ८-१० मीटर खोल भोके पाडतात आणि त्यांत दोन-दोन मीटरचे, एकमेकांना जोडलेले बांबू उतरवतात. बांबूच का? धातूचा दांडा उन्हात तापतो आणि भोवतालचा बर्फ वितळवून भोक मोठे करतो. वर्षाने परत जाऊन बांबू किती उघडा पडला ते मोजतात. गेल्या ऑक्टोबरला २.१० मीटर वर होता आणि आता ५.६० मीटर आहे, तर ३.५० मीटर बर्फ गेला. बर्फाची घनता पाण्याच्या ०.९ पट धरून ३.१५ मीटर पाणी. दोन्ही वेळा वर साचलेले हिम असेल तर त्याचा हिशोब वेगळा.

वरच्या भागात खड्डा खणतात किंवा पोकळ नळीने हिमाचा उभा गाभा काढतात आणि गेल्या वर्षीचा मळकट थर लागेपर्यंत खाली जातात. त्याच्या वरच्या हिमाची जाडी आणि घनता दोन्ही मोजावी लागते. २ मीटर हिम आणि घनता ०.४० म्हणजे ०.८ मीटर पाणी. घनता अंदाजाने टाकली की आकडा गेलाच. ताजे हिम ०.१ असते, वर्षभर दबलेले ०.५ च्या वर जाऊ शकते.

मग हिमनदीचे उंचीनुसार ५० मीटरचे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्याचा आकडा त्याच्या क्षेत्रफळाने गुणतात आणि बेरीज एकूण क्षेत्रफळाने भागतात. ही पायरी गाळून बांबूंची नुसती सरासरी काढली तर तूट फुगते, कारण बांबू बहुतेक खालच्या, पोहोचायला सोप्या भागात असतात.

चुका कुठे होतात? बांबूभोवती खळगा होतो. पट्टी त्या खळग्याच्या तळाला टेकवली तर दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून खळग्यावर आइस-अ‍ॅक्स आडवी ठेवून तिथून मोजायचे. बांबू पूर्ण उघडा पडून आडवा झाला तर तूट 'किमान इतकी' एवढेच सांगता येते. ऑक्टोबरची फेरी लांबली आणि नवे हिम पडले तर दोन वर्षांचा खर्च एकमेकांत मिसळतो. आणि हिमकडे कोसळणाऱ्या उभ्या भिंतींखाली कोणी बांबू रोवायला जात नाही, त्यामुळे तिथली जमा अंदाजानेच धरावी लागते. हे सगळे तपासायला अधूनमधून उपग्रहांवरून काढलेले उंचीचे दोन नकाशे वजा करून पाहतात. त्यात घनफळाचे वजन करताना ८५० किलो प्रति घनमीटर ही घनता सर्रास वापरतात.

छोटा शिगरीचा निकाल असा आहे. २००२ ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ०.४६ मीटर पाण्याइतकी तूट. मधली काही वर्षे जमेचीही गेली, म्हणून दोन-तीन वर्षांवरून निष्कर्ष काढू नये. १७ वर्षांची बेरीज सुमारे ८ मीटर होते. क्षेत्रफळाने गुणले तर चार टीएमसीच्या थोडे वर. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आत आहे, आणि छोटा शिगरी तर नावाप्रमाणे छोटीच.

याच खोऱ्यात सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू अशा हिमनद्यांवर गोव्याच्या वास्को-द-गामातली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही संस्था काम करते. अंटार्क्टिकावरची भारताची केंद्रे चालवणारी हीच. तिचे 'हिमांश' हे केंद्र २०१६ पासून स्पितीत ४,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे.

मुख जितके मागे गेले तितकी हिमनदी आकसली, असे धरावे का?

नाही. बातम्यांत हाच आकडा येतो, कारण तो मोजायला सोपा आणि फोटोत दिसणारा. गंगोत्रीचे मुख १९३५ पासून नोंदले जात आहे आणि ते वर्षाला साधारण २० मीटरने मागे गेले. पण गंगोत्री सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिचे आजचे मुख गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याला नव्हे, काही दशकांपूर्वीच्या हवामानाला उत्तर देते.

हा उशीर ढोबळ मानाने काढता येतो: हिमनदीची जाडी भागिले मुखाजवळची वार्षिक झीज. जाडी १५० मीटर आणि झीज ५ मीटर असेल तर ३० वर्षे. जाड, सपाट हिमनदीला शंभर वर्षेही लागतात. त्यामुळे मुख स्थिर असताना हिमनदी वरून पातळ होत असू शकते, आणि 'यंदा मुख हलले नाही, म्हणजे सगळे ठीक' हे वाक्य अर्थशून्य आहे. याचा दुसरा अर्थ असा, की तापमानवाढ आज जागच्या जागी थांबली तरी हिमनद्या पुढची काही दशके आकसतच राहतील. आजच्या हवेला शोभेल इतक्या लहान त्या अजून झालेल्याच नाहीत.

दगडमातीखाली दबलेला बर्फ तर सुरक्षित असतो ना?

थराच्या जाडीवर आहे. एक-दोन सेंटिमीटरची धूळमाती उलट वितळणे वाढवते, कारण ती काळी असते आणि उष्णता लगेच खाली पोहोचवते. थर पाचेक सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो बर्फाला उष्णतेपासून झाकू लागतो. अर्ध्या मीटरखाली वितळणे फारच मंदावते. पण झाकलेल्या भागात मध्येच बर्फाचे उघडे कडे आणि छोटी डबकी असतात, आणि बरेचसे वितळणे तिथेच होते. अशा हिमनद्या मुख फारसे न हलवता जागेवर खचत जातात. वरून पाहिले तर सगळा दगडांचा माळ, त्यामुळे नवखा माणूस तिथे हिमनदी आहे हेच ओळखत नाही.

काही हिमनद्या वाढतात म्हणे. मग खरे काय?

काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या या शतकाच्या सुरुवातीला स्थिर होत्या, काही किंचित वाढल्याही. तिथे हिवाळी हिम भरपूर आहे आणि उन्हाळे त्या मानाने थंड राहिले. शिवाय काही हिमनद्या अधूनमधून उसळी मारतात: वर्षानुवर्षे साचलेला बर्फ काही महिन्यांत किलोमीटरभर पुढे येतो. यात बर्फ वाढलेला नसतो, फक्त वरचा खाली आलेला असतो.

जगाचा ताळेबंद मात्र स्पष्ट आहे. २००० ते २०२३ या काळात जगभरच्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. सगळ्या काळात मिळून एकूण साठ्याच्या ५ टक्के. समुद्राची पातळी तेवढ्यानेच सुमारे १८ मिलिमीटर वाढली.

२०३५ पर्यंत हिमालयातला बर्फ संपणार होता ना?

तो आकडा चुकीचा होता. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या संस्थेच्या २००७ च्या अहवालात तो आला आणि जानेवारी २०१० मध्ये संस्थेने चूक मान्य केली. आजचा अंदाज असा: तापमानवाढ दीड ते दोन अंशांवर रोखली तर हिंदुकुश-हिमालय पट्ट्यातल्या हिमनद्या २१०० पर्यंत ३० ते ५० टक्के घनफळ गमावतील. फारच जास्त उत्सर्जन झाले तर ८० टक्क्यांपर्यंत.

गंगा आटेल का?

मैदानातली गंगा मुख्यतः पावसावर वाहते. वाराणसी-पाटण्याच्या पाण्यात हिमनद्यांचा वाटा थोडा. सिंधू आणि तिच्या उपनद्यांचे तसे नाही. तिथे पाऊस कमी, हिम आणि बर्फ वितळून येणारे पाणी जास्त. वाटा सगळ्यात मोठा असतो तो अगदी वरच्या गावांत, आणि तोही मे-जून महिन्यांत, पाऊस यायच्या आधी.

आकसणाऱ्या हिमनदीतून सुरुवातीची काही दशके पाणी वाढते, कारण ठेव मोडून खाणे चालू असते. मग एक शिखर येते आणि त्यानंतर उन्हाळी पाणी घटत जाते. लहान हिमनद्यांच्या ओढ्यांवर ते शिखर आधी येते. म्हणून 'नदीला तर पाणी वाढले' हे हिमनदी ठणठणीत असल्याचे लक्षण नाही.

गोदावरी, कृष्णा, भीमेवर काय परिणाम?

थेट काहीही नाही. त्यांच्या उगमाला हिमनदी नाही.

हिमनदीपुढे तळे कसे तयार होते आणि ते फुटते कसे?

हिमनदी मागे जाते तेव्हा तिने ढकलून आणलेला दगडमातीचा बांध, म्हणजे हिमोढ, पुढेच राहतो. मधल्या खोलगट जागेत पाणी साचते. तळ्याचे पाणी बर्फाच्या पायाला लागले की कडे कोसळून तळे आणखी मागे वाढते. बांध सिमेंटचा नसतो. त्यात माती, दगड आणि कधी कधी आत गाडलेला बर्फ असतो. तो बर्फ वितळला की बांध आतून खचतो. पण बहुतेक वेळा फुटायचे कारण वरून येते: हिमकडा किंवा दरड तळ्यात पडते, लाट बांधावरून जाते आणि जाताना बांध खरवडते. एकदा खाच पडली की पाणीच ती खोल करत नेते.

सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तळ्यात ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री हेच झाले. १९७० च्या दशकात इवलेसे असलेले हे तळे तोवर दीड चौरस किलोमीटरच्या पुढे गेले होते. काठाचा गोठलेला हिमोढ घसरून पाण्यात पडला, लाट उठली आणि पूर चुंगथांगला पोहोचून १,२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे ६० मीटर उंच धरण घेऊन गेला. २०१६ साली या तळ्यातून पाणी काढायला पाइप टाकले होते. एवढ्या मोठ्या तळ्यापुढे ते अपुरेच.

पातळी उतरवण्याचा उपाय मात्र खरा आहे. नेपाळमध्ये त्शो रोल्पा तळे २००० साली ३ मीटरने आणि इम्जा २०१६ साली तीन मीटरहून अधिक उतरवले. बांधात दरवाजा असलेला कालवा खणून. काम ४,५००-५,००० मीटरवर आणि वर्षात मोजके महिने, म्हणून खर्चिक.

७ फेब्रुवारी २०२१ ची चमोलीची दुर्घटना यात मोजू नका. तिथे तळे फुटले नव्हते. रोंती शिखराचा कडा, सुमारे ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ, कोसळून दरीत आला होता.

हिमनद्या कापडाने झाकून वाचवता येतात का?

स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन हिमनदीच्या काठावर पांढरे जाड कापड अंथरतात आणि त्याखाली वितळणे निम्म्याहून अधिक कमी होते. पण ते काही हेक्टरांपुरते, दरवर्षी अंथरायचे-गुंडाळायचे, आणि कापडाचे धागे पाण्यात जातात. छोटा शिगरीसारख्या हिमनदीवर हा विचारही व्यर्थ आहे.

लडाखमधले हिमस्तूप आणि तिथले अभियंते चेवांग नोर्फेल यांचे कृत्रिम बर्फाचे बांध ही वेगळी गोष्ट. ते हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गोठवून एप्रिल-मेच्या पेरणीसाठी ठेवतात. हिमनदी त्याने वाचत नाही. शेतीचे पहिले पाणी मिळते. त्यांना त्याच मापाने जोखावे.

घरबसल्या एखाद्या हिमनदीतला बदल पाहता येतो का?

येतो, आणि फुकट. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत, सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची. सप्टेंबर-ऑक्टोबरची, ढग नसलेली चित्रे घ्या. मे महिन्याचे चित्र घेतले तर जमिनीवरचे हिम हिमनदी म्हणून मोजले जाईल. दोन चित्रांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर ठेवा. लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटरचा, त्यामुळे वर्षाला २० मीटरचा बदल एका वर्षाच्या फरकात दिसणारच नाही. मुखावर एकच रेघ मारू नका, चार-पाच समांतर रेघा मारून सरासरी घ्या. दगडांनी झाकलेले मुख शोधताना नदी जिथून एकदम बाहेर पडते ती जागा पाहा.

ट्रेकला गेल्यावर काय काळजी घ्यावी?

गोमुखाला गेलात तर बर्फाच्या कमानीजवळ जाऊ नका. २०१६ च्या जुलैमध्ये मुखाचा पुढचा भाग कोसळून मोठाले तुकडे भागीरथीतून वाहत गेले होते. बर्फ खचला की बाजूच्या हिमोढाच्या भिंतींचा आधार जातो, आणि ऊन चढल्यावर तिथून दगड सुटतात. जुन्या नकाशावरची वाट हिमनदीच्या काठाने दाखवली असेल तर स्थानिक वाटाड्याला विचारल्याशिवाय धरू नका. काठच आता कित्येक मीटर खाली गेलेला असतो.

ओढे पहाटे ओलांडा. दिवसभर वितळलेले पाणी दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त असते. ग्रांफूहून बातलकडे जाणाऱ्या रस्त्यावर छत्रूनंतर हे नाले थेट रस्त्यावरून वाहतात. सकाळी सातला घोट्याइतके असलेले पाणी दुपारी तीनला गाडीच्या दाराला लागू शकते, आणि ते गढूळ असल्याने खालचे दगड दिसत नाहीत. चालक पहाटे निघायचा आग्रह धरत असेल तर नाश्त्यासाठी त्याला अडवू नका.